चौथा आग्रह

आग्रह करण्यात अख्ख्या इस्फहानात माझा हात कोणी धरणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. छिन्नी-हातोडीत माझ्यापेक्षा सरस दोन-चार जण निघतील, नाही असं नाही. त्यांतला एक तर माझ्याच शेजारी बसतो. पण आल्यागेल्याला 'घ्याच' म्हणावं ते करामतउस्तादानंच, असं आमच्या तांबटांच्या बाजारात तुम्हाला कोणीही सांगेल. निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत तरी सांगत होतं.

रीत अगदी सोपी आहे. तुमच्याकडच्या वस्तूचं कोणी कौतुक केलं, की तुम्ही लगेच म्हणायचं, "आपलीच समजा, घेऊन जा." त्यानं म्हणायचं, "छे छे, आपल्याकडेच शोभते." तुम्ही पुन्हा म्हणायचं, त्यानं पुन्हा नको म्हणायचं. असं तीनदा झालं की दोघांनी तो विषय सोडायचा आणि चहा प्यायचा. वस्तू जागच्या जागी, पाहुणा आपल्या घरी आणि दोघांची अब्रू शाबूत! याला आम्ही तआरुफ म्हणतो. चौथ्यांदा मात्र चुकूनही तोंड उघडायचं नाही. चौथा आग्रह हा खरा आग्रह. तो झाला की समोरच्याला नाही म्हणता येत नाही आणि तुम्हाला बोललेलं गिळता येत नाही.

मी जन्मात कधी चौथ्यावर गेलो नव्हतो. गेल्या हिवाळ्यात गेलो. आणि गेलो तोही कशावर, तर बायकोच्या फुलदाणीवर.

ही फुलदाणी म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यांत जुनं भांडण. लग्नात मी तूबाला शब्द दिला होता, की माझ्या हातची एक फुलदाणी तुझ्यासाठी करीन. सगळीकडून वेलबुट्टी आणि मधोमध समोरासमोर बसलेले दोन बुलबुल. त्यानंतर गावातल्या निम्म्या दिवाणखान्यांत माझ्या फुलदाण्या जाऊन बसल्या, तबकं गेली, सुरया गेल्या, आरशांच्या चौकटी गेल्या. आमच्या घरी मात्र चिनी मातीची, काठाचा टवका उडालेली फुलदाणी होती ती होतीच. दर नौरोजला, म्हणजे वसंतातल्या आमच्या नव्या वर्षाला, हफ्तसीनची म्हणजे सात शुभ वस्तूंची मांडणी झाली, की गव्हाच्या कोंबांशेजारी तीच बसायची, टवका भिंतीकडे करून.

तूबा त्यावरून कधी भांडली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. ती पाहुण्यांसमोर ती फुलदाणी फडक्यानं सावकाश पुसायची आणि म्हणायची, "यांचा धंदा नक्षीचा आहे ना!"

शेवटी गेल्या वर्षी मी मनावर घेतलं. तांब्याची, चांगली कमरेएवढी उंच फुलदाणी घडवून आणली आणि दुकानातली बाकीची कामं बाजूला सारून तिच्यावर बसलो. येत्या नौरोजला तीच मांडायची, असं ठरलं. तूबानं ही बातमी तिच्या बहिणीला, फखरीला सांगितली. फखरीला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. बायकोच्या माहेरचे सगळे नौरोजच्या पहिल्या दिवशी फुलदाणी बघायला येणार होते. आम्हाला भेटायला येणार होते की नाही, ते कोणी बोललं नाही.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. पोकळ भांड्यावर छिन्नी चालवली तर भांडं चेपतं. म्हणून आत कढत डांबर ओततात. ते थंड होऊन दगडासारखं झालं, की मग बाहेरून निवांत ठोकत बसायचं. नक्षी पुरी झाली की भांडं तापवायचं, डांबर वितळवून काढायचं आणि सगळ्यांत शेवटी बुड बसवायचं. तूबाच्या फुलदाणीत डांबर काठोकाठ होतं, बुड अजून लागलं नव्हतं आणि एका बुलबुलाचं डोकं राहिलं होतं. डोकं मी नेहमी शेवटी करतो, कारण चोच जरा बिघडली की बुलबुलाचा कावळा होतो.

त्या डोक्यालाच हात घालणार, तेवढ्यात दुकानात जहानबख्श खान आले.

जहानबख्श खान म्हणजे माझे होणारे व्याही. आमच्या मीनूचा साखरपुडा त्यांच्या मुलाशी झालाय. जमिनींच्या कचेरीतून निवृत्त झालेला, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. इतका अदबशीर, की ज्याचं नाव ते. साखरपुड्याच्या दिवशी दारातून आधी कोणी जायचं यावरून आम्ही दोघं उंबऱ्यावर 'आपण, आपण' करत इतका वेळ उभे राहिलो, की आत केक कापून खाऊनही झाला होता. तर असा हा माणूस फुलदाणीपुढे येऊन थांबला आणि त्यानं दोन्ही हात छातीशी धरले.

"उस्ताद," ते म्हणाले, "असं काम मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

"आपलीच समजा," मी म्हणालो. "घेऊन जा."

"छे छे! आपल्या हातांना आयुष्य लाभो. इथेच शोभते ती."

"आपल्यापुढे तिची काय किंमत? माझ्या समाधानासाठी न्या."

"लाजवू नका, उस्ताद. नजरेनं नेली, पुष्कळ झालं."

इथवर सगळं सुरेख चाललं होतं. माझ्या शेजारी बसणारा सैफुल्ला हातोडी खाली ठेवून ऐकत होता, म्हणजे ऐकल्यासारखं बघत होता. आयुष्यभर तांबं ठोकून त्याचे कान गेलेत, त्यामुळे तो तोंडाकडे बघून बोलणं ओळखतो आणि स्वतः बोलतो ते चौकापर्यंत ऐकू जातं. तेवढ्यात चहा आला. जहानबख्श खानांनी साखरेचा खडा दातांत धरला आणि वरून चहाचा घोट घेतला. मी म्हणालो, "न्याच आपण." तर तोंडात साखर, घशात कढत चहा, ते काय बोलणार? त्यांनी नुसती आडवी मान हलवली.

घोटाळा झाला तो इथे. मान हलवणं म्हणजे नकार धरायचा की नाही? मला वाटलं, नाही. नकार म्हटला की तो कसा तोंडानं यायला हवा. तिसरा नकार अजून यायचाय, असं समजून मी माझ्या ठेवणीतलं वाक्य काढलं.

"नाही नेलीत तर मला वाईट वाटेल."

जहानबख्श खानांचा चेहरा उतरला. त्यांनी पेला बशीत ठेवला, साखर कडकन चावली आणि अगदी पडेल आवाजात म्हणाले, "उस्ताद, आपण एवढं म्हणता, तर..."

मी लगेच सावरलो. "अजून अपुरी आहे," मी म्हणालो. "पुरी करून घरी पोचवतो."

"आपल्याला आणखी त्रास? अजिबात नाही. आहे तशी नेतो."

"अहो, आत डांबर आहे."

"असू दे. आपण भरलंय म्हणजे विचार करूनच भरलं असेल."

"तिला बुडसुद्धा नाही!"

"उस्ताद," ते कळवळून म्हणाले, "किती कमीपणा घ्याल स्वतःकडे?"

आता याला काय म्हणावं? खरं बोललो तर तो आमचा विनय ठरतो! इतक्यात सैफुल्लानं चौकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं, "अरे करामत, तुझ्या बायकोची ती..." मी झडप घालून समोरचं रिकामं तबक ओढलं आणि त्यावर धडाधड हातोडी हाणायला लागलो. तबकाचं वाटोळं झालं, पण त्या आवाजात पुढचं काही व्याह्यांच्या कानी गेलं नाही. माझी सुटका करायला आलेल्या माणसाला मी स्वतःच्या हातानं गप्प बसवलं, हे नंतर माझ्या ध्यानात आलं.

फुलदाणी टॅक्सीपर्यंत न्यायला तीन माणसं लागली. टॅक्सीवाल्यानं विचारलं, "यात मढं आहे का?" जहानबख्श खान तिच्याशेजारी तिला धरून बसले आणि मान लववून लववून निरोप घेत गेले. त्यांच्याही कपाळाला घाम होता. तो वजनाचा असेल असं मला तेव्हा वाटलं.

"मान हलवली म्हणजे नकारच," सैफुल्ला म्हणाला. "तोंडात साखर असताना माणूस बोलेल कसा? तीन पुरे झाले होते. तू चौथा केलास."

"तुला ऐकू येत नाही. तू मोजायचं नाही."

"मला ऐकू येत नाही म्हणून मी मानाच मोजतो," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

घरी तूबाला सांगावंच लागलं. मी सगळं सांगितलं. डांबर सांगितलं, साखर सांगितली, मान सांगितली. ती ऐकत होती. ऐकता ऐकता उठली, टवक्याची फुलदाणी घेतली आणि पुसायला लागली.

"बोल ना काहीतरी," मी म्हणालो.

"मी काय बोलू? तुम्ही बोललात तेवढं पुरे नाही का झालं? तीनदा बोलून भागलं नाही तुमचं?"

"तिसरा झाला की नाही, त्याबद्दल मतभेद आहेत."

"माझ्या बहिणीला काय सांगू? मतभेद आहेत म्हणून?"

"आपण उद्या जाऊन सरळ मागून घेऊ."

"सरळ?" तूबानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी लेकीच्या सासरी दरोडा घालायची गोष्ट काढली होती. "लेक द्यायचीय त्या घरात. दिलेली वस्तू परत मागायची? उद्या ते मुलगा परत मागतील!"

मग ती बराच वेळ पुसत बसली. आणि पुसता पुसता एकदम थांबली. तूबा पुसता पुसता थांबली की मला धडकी भरते.

"जाऊ आपण त्यांच्याकडे," ती म्हणाली. "पण मागायला नाही. कौतुक करायला. तुम्ही फुलदाणीचं कौतुक करा. ते म्हणतील, घेऊन जा. तुम्ही नको म्हणा. पुन्हा म्हणतील, पुन्हा नको म्हणा. तिसऱ्या वेळी साखर तोंडात धरा आणि नुसती मान हलवा."

"म्हणजे त्यांना वाटेल नकार झाला नाही..."

"...आणि ते चौथ्यांदा म्हणतील. तुम्ही फसलात ना तस्सेच. आणि मग मी म्हणेन, एवढं म्हणता तर."

कबूल करतो, माझ्या मनात बायकोविषयी आदर दाटून आला. पुढच्या आठवड्यात निघताना तिनं पिशवीत एक मोठी चादर घडी करून ठेवली. मी म्हटलं, हे कशाला? ती म्हणाली, फुलदाणी काय काखेत मारून आणणार आहात?

व्याह्यांच्या दिवाणखान्यात फुलदाणीला मानाची जागा मिळाली होती. मानाची म्हणजे सगळ्यांत उबदार, गॅसच्या शेगडीला लागून. आणि खाली नाईन गावचा गालिचा, दुधाच्या सायीसारखा. विहीणबाईंच्या, अख्तर खानमच्या माहेरचा. बिनडोक्याचा बुलबुल नेमका समोर केला होता.

"आमचा भाचा चित्रकार आहे," जहानबख्श खान म्हणाले. "तो म्हणाला, हे डोकं नसणं म्हणजे फार खोल विचार आहे."

"आपला भाचा जाणकार दिसतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आम्ही आल्याच्या आनंदात त्यांनी शेगडी मोठी केली. फळं आली, गझ नावाची आमची चिकट पिस्त्याची मिठाई आली, चहा आला. थंडी यंदा लांबली यावर सगळ्यांचं एकमत झालं. आणि मग मला वास आला. तो वास मी झोपेतही ओळखीन. रोज त्यातच तर जगतो. मी हळूच फुलदाणीच्या पायथ्याकडे बघितलं. काळंभोर, चकचकीत डांबर खालून जिभेसारखं बाहेर आलं होतं आणि गालिच्यावर सरकत होतं.

तूबानंही बघितलं. अख्तर खानमनंही बघितलं. जहानबख्श खानांनी बघितलं आणि लगेच छताकडे बघितलं.

आणि कोणी एक शब्द बोलेना!

आम्ही पाहुणे, आम्ही कसं बोलणार, की तुमचा गालिचा खराब होतोय? यजमानांना खाली मान घालायला लावणं बरं दिसत नाही. आणि ते यजमान, ते कसं बोलणार, की तुम्ही दिलेली भेट गळतेय? सगळे मिळून आम्ही डांबराकडे बघत होतो आणि संत्री सोलत होतो. अख्तर खानमनं हसत हसत फळांची थाळी उचलून त्या डागावर ठेवली. थाळीच्या दुसऱ्या बाजूनं जीभ बाहेर आली. मग त्यांनी गझची पेटी ठेवली. तूबा विचारत होती, मीनूच्या लग्नात सब्जी-पुलावाबरोबर मासा ठेवायचा का. अख्तर खानम म्हणाल्या, ठेवू या की. त्यांचा आवाज जरा चिरकला होता.

तूबानं मला पायानं ढोसलं. मी घसा साफ केला.

"काय सुंदर दिसते फुलदाणी आपल्याकडे!"

जहानबख्श खानांचा चेहरा एकदम उजळला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. "उस्ताद, आपलीच आहे! घेऊन जा!" ते जवळजवळ ओरडलेच.

"छे छे, इथेच शोभते."

"माझ्या समाधानासाठी न्या."

"लाजवू नका."

आता तिसरा. मी साखरेचा खडा दातांत धरला, चहाचा मोठा घोट घेतला आणि वाट बघत बसलो. जीभ भाजली तरी गिळला नाही.

"न्याच आपण, उस्ताद," ते म्हणाले. डोळ्यांत नुसतं आर्जव होतं.

मी मान हलवली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चौथ्यासाठी मी जीव कानांत गोळा केला. त्यांनी एक मोठा सुस्कारा टाकला, पेला उचलला आणि निमूटपणे चहा प्यायला लागले. मान हलवणं म्हणजे नकारच, असं धरणारा हा माणूस निघाला! सैफुल्लाच्या पंथाचा!

तूबानं डोळे मिटून घेतले. डांबर गालिच्याच्या मधल्या मोठ्या फुलाशी पोचलं.

काहीतरी करायला हवं म्हणून असेल, जहानबख्श खान मला गझ द्यायला उठले आणि पहिलंच पाऊल नेमकं त्यात पडलं. सपाता चिकटली. पाय बाहेर आला, सपाता राहिली. पण या माणसाच्या तोंडावरची रेषा हलेल तर शपथ! तसेच एका मोज्यावर पुढे आले आणि म्हणाले, "उस्ताद, गझ."

"आधी आपण," मी म्हणालो.

"छे, आधी आपण."

परत जाताना दुसरी सपाताही गेली. दोन सपाता गालिच्याच्या मध्यावर एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि जहानबख्श खान खुर्चीत बसून म्हणाले, "थंडी खरंच लांबली यंदा."

आणि अख्तर खानमचा बांध फुटला.

"घेऊन जा हो ती फुलदाणी! हा आग्रह नाही, तूबा खानम, मी पाया पडते तुमच्या! आली त्या दिवसापासून घरभर रस्त्याच्या कामाचा वास येतोय. हलवायची म्हटलं तर शेजारचे दोघं बोलवावे लागतात. तो मुंडकं तुटलेला पक्षी बघून माझ्या सासूबाईंनी जेवण सोडलंय. मी यांना रोज म्हणते परत द्या, तर म्हणतात, उस्तादांना वाईट वाटेल, त्यांनी चौथ्यांदा म्हटलंय!"

"अख्तर!" जहानबख्श खान तोंड झाकून म्हणाले.

"एवढं म्हणता, तर..." तूबा म्हणाली. तिचं म्हणून होईपर्यंत चादर उलगडून झाली होती.

फुलदाणीतलं बरंचसं डांबर एव्हाना गालिच्यात गेलं होतं, त्यामुळे ती आम्हा दोघांना सहज पेलली. दारात मात्र माझा पाय अडखळला. त्या गालिच्याकडे बघवत नव्हतं. "गालिचा मी साफ करून देतो," मी म्हणालो.

"आपल्यावरून ओवाळून टाकला," जहानबख्श खान मोज्यांनिशी उभं राहून म्हणाले.

"नाही, मी नेतो."

"छे छे!"

"मला नेऊ द्या."

"शक्य नाही, उस्ताद."

"माझी कर्तव्यबुद्धी मला..." तूबानं माझं कोपर इतक्या जोरात चिमटलं की अजून वळ आहे. पण तोवर ते वाक्य धरून चार झाले होते. अख्तर खानम गालिचा गुंडाळायलाही लागल्या होत्या.

तर नौरोजच्या आधीचे सगळे दिवस, जेव्हा बाजारात माणसाला खायला फुरसत नसते, तेव्हा मी दुकानाच्या मागच्या अंगणात उकिडवा बसून रॉकेलच्या चिंधीनं सायीच्या रंगाचा गालिचा पुसत होतो. सैफुल्ला येता-जाता म्हणायचा, "नक्षी चांगली उठतेय." तरी मी वेळ काढला. उरलेलं डांबर काढलं, बुलबुलाला डोकं दिलं, चोच जपून काढली, बुड बसवलं, राखेनं घासून घासून फुलदाणी उजळली.

नौरोजच्या आदल्या दिवशी ती घरी नेली. तूबानं ती मांडणीत ठेवली, गव्हाच्या कोंबांशेजारी. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. बोटानं एका बुलबुलाच्या डोक्यावरून, मग दुसऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. टवक्याची फुलदाणी उचलून माळ्यावर टाकली आणि मला न मागता चहा दिला. खरं सांगतो, इतकी वर्षं लोकांची घरं सजवत बसलो आणि या बाईला एवढ्याशा गोष्टीसाठी थांबवून ठेवलं, असं वाटलं.

नौरोजला सगळ्यांच्या आधी फखरी आली. आमची ही मेहुणी दाराशी चपला काढायच्या आधीच बोलायला लागते. पण त्या दिवशी मांडणीपुढे येऊन ती चक्क गप्प झाली. मग म्हणाली, "तूबा, अगं काय देखणी आहे गं!"

मी तूबाकडे बघितलं. तिचे ओठ हलले. तिचं तिला कळलंसुद्धा नसेल, आमच्याकडे ते श्वासासारखं येतं.

"तुझीच समज, घेऊन जा."

"छे गं, तुझ्याकडेच शोभते."

"माझ्यापेक्षा तुझ्या घरात उठून दिसेल. ने."

"नको गं बाई. किती वर्षांनी मिळालीय तुला!"

दोन झाले होते. मी निश्चिंत होतो. तूबासारखी सावध बाई दुसरी नाही. तिनं पाहुणचाराची थाळी पुढे केली आणि हसत म्हणाली, "अगं ने गं." फखरीनं नेमका तेव्हाच गझचा तुकडा तोंडात टाकला होता. गझ दातांना चिकटला. तिनं नुसती मान हलवली.

मी जागेवरून उठलो. तूबाच्या नजरेसमोर जाऊन दोन्ही हात हलवले, डोळे मोठे केले, बोट ओठांवर ठेवलं. त्या मानेचा नकार धर, बाई! धर! तूबानं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, मी सांगतोय की मान मोजायची नसते. माझंच तर मत होतं ते! माझ्या तोंडून तिनं ते निदान पन्नासदा ऐकलं होतं. बहिणीसमोर आग्रह अर्धवट सुटला म्हणून नवऱ्यानं नावं ठेवू नयेत, म्हणून तिनं माझंच ठेवणीतलं वाक्य काढलं.

"नाही नेलीस तर मला वाईट वाटेल."

फखरीनं गझ गिळला. थाळी खाली ठेवली. "एवढं म्हणतेस, तर..." ती म्हणाली.

आता फुलदाणीत डांबर नव्हतं. फखरीनं ती एकटीनं उचलली, काखेत धरली आणि जिना उतरून गेली. दोन्ही बुलबुल तिच्या काखेतून आमच्याकडे बघत होते. तूबाचा चेहरा मला बघवत नव्हता. तिनं स्टूल घेतलं, माळ्यावरून टवक्याची फुलदाणी काढली, फुंकर मारून मांडणीत ठेवली आणि टवका भिंतीकडे केला.

"दुसरी करा," ती म्हणाली. एवढंच. आणि मी, जो एरवी हजार गोष्टी बोलतो, तो 'बरं' म्हणालो.

दुसरी सुरू केली आहे. तांबं आलं, डांबर भरलं, वेल उठायला लागलीय. या वेळी मात्र मी आधीच बंदोबस्त केला. पितळेचा एक जाड पत्रा घेतला, त्यावर उत्तम वळणदार अक्षरांत, भोवती नाजूक वेल काढून, कोरलं: 'कृपया येथील कामाचे कौतुक करू नये.' आणि ती पाटी दुकानाच्या दर्शनी भिंतीवर ठोकली.

पहिल्याच दिवशी एक शिराजी गिऱ्हाईक आलं. पाटीपुढे उभं राहिलं. दोनदा वाचली. "वा उस्ताद," ते म्हणालं, "काय अक्षर आहे!" आणि नेमका तेव्हाच चहा आला.

भिंतीवर आता दोन खिळे उरले आहेत. खिळे चांगले आहेत. पण कृपया तसं म्हणू नका.